यंत्राचा वक्तशीरपणा

घरीं पाहुणे जेवावयास यावयाचे असले, म्हणजे गृहिणी मनाशीं एक हिशेब करीत असते. भाताला इतका वेळ, वरणाला इतका, पुरणपोळ्या करावयाच्या तर आणखी इतका. परंतु हा हिशेब ती सरासरीनें करीत नाहीं. गॅस मध्येंच संपेल, नळाचें पाणी जाईल, धाकटें मूल नेमकें त्याच वेळीं रडूं लागेल, हें सारें धरून ती अर्धा तास आधींच कामास लागते. तिला ठाऊक असतें कीं, ठरल्या वेळीं पान वाढावयाचें असेल, तर नेहमींच्या दिवसाचा विचार करून भागत नाहीं. सर्वांत वाईट दिवसाचा करावा लागतो.

आज मला आपल्यापुढें अशाच एका हिशेबाविषयीं बोलावयाचें आहे. मात्र हा हिशेब चुकला, तर पाहुण्यांची क्षमा मागून काम भागत नाहीं.

आपल्यापैकीं अनेकांच्या मोटारींत एअरबॅग नांवाची पिशवी असते. मोटार जोरानें आदळली, कीं ती चालकाच्या छातीपुढें फुगते. ती फुगवावयाची किंवा नाहीं, हा निर्णय मोटारींतील एक लहानसा संगणक घेत असतो. चाक खड्ड्यांत आपटलें तर ती फुगतां कामा नये. खरीखुरी टक्कर झाली तर फुगलीच पाहिजे. आणि हें सर्व ठरविण्यास त्याला अवधि मिळतो तो सामान्यतः १५ ते ३० मिलिसेकंदांचा. मिलिसेकंद म्हणजे एका सेकंदाचा हजारावा भाग. डोळ्याची पापणी लवावयासहि याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. समजा, संगणकानें अगदीं अचूक निर्णय घेतला, परंतु उशिरा घेतला. तोंवर चालकाचें मस्तक पुढें झेपावलेलें असतें, आणि मग ती फुगणारी पिशवीच त्याला इजा करूं शकते. म्हणजे उत्तर बरोबर असूनहि, केवळ उशिरा आल्यामुळें, तें चूक ठरतें.

अशा यंत्रांस रिअल-टाइम, म्हणजे नियतकालाशीं बांधलेलीं, यंत्रें म्हणतात. विमानाचें नियंत्रण, आगगाडीचे ब्रेक, हृदयाचे ठोके सांभाळणारें पेसमेकर, हीं सारीं याच जातीचीं. अशा प्रत्येक यंत्राच्या कर्त्यास एका प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें: मीं लिहिलेल्या आज्ञावलीस जास्तींत जास्त किती वेळ लागेल? सरासरी किती, हा प्रश्न नाहीं. बहुधा किती, हाहि नाहीं. जास्तींत जास्त किती? तंत्रज्ञ याला वर्स्ट-केस एक्झिक्यूशन टाइम म्हणतात. आपण त्याला 'कमाल कार्यकाल' म्हणूं.

आपण म्हणाल, यांत अवघड तें काय? आज्ञावली चालवावी, घड्याळ लावावें आणि मोठ्यांत मोठा आंकडा टिपून ठेवावा. मीहि एकेकाळीं असेंच म्हणत होतों. तो माझा भ्रम कसा फिटला, तें प्रथम सांगतों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका कारखान्यांत नोकरीस होतों. तेथें काचेच्या बाटल्यांत औषध भरणारें एक यंत्र होतें. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येत, वरून नळ्या खालीं उतरत, औषध भरलें कीं नळ्या वर जात आणि पट्टा पुढें सरके. हें सर्व चालविणाऱ्या संगणकानें दर १० मिलिसेकंदांनीं सगळ्या खुणा वाचून पुढची हालचाल ठरवावयाची होती. ती आज्ञावली मीं लिहिली होती. रोज आठ तास याप्रमाणें अठरा दिवस मीं तिचें मोजमाप घेतलें. म्हणजे पांच कोटींहून अधिक फेऱ्या झाल्या. सर्वांत लांबलेली फेरी निघाली ६.८ मिलिसेकंदांची. अवधि दहाचा, लागतात सात. मी निर्धास्त झालों.

चार महिन्यांनीं एका रात्रपाळीस दोन खुणा एकाच फेरींत बिघडल्या. प्रत्येक बिघाडाची नोंद करण्याचें काम आज्ञावलीकडेच होतें. नेमकी त्याच क्षणीं नोंदवहीची जागा भरली आणि जुन्या नोंदी आवरण्याचें कामहि त्याच फेरींत येऊन पडलें. त्या एका फेरीस १३ मिलिसेकंद लागले. नळी वर घेण्याची आज्ञा उशिरा सुटली, पट्टा सरकला, आणि बाटली फुटून तिचा एक तुकडा तेथील वयस्क कामगाराच्या मनगटांत शिरला. जखम, दैव बलवत्तर म्हणून, लहान होती. दुसऱ्या दिवशीं मी त्याला भेटावयास गेलों, तेव्हां त्यानें मला विचारलें, "साहेब, तुम्ही इतके दिवस घड्याळ घेऊन बसलां होतां, मग हें निसटलें कसें?"

मीं म्हटलें, "मामा, जें घडलें तेवढेंच मीं मोजलें. जें घडूं शकतें, तें मोजलें नाहीं."

श्रोतेहो, या एका वाक्यांत आजच्या विषयाचें मर्म आहे. मोजमापानें आपणांस कळतो तो अनुभवाला आलेला मोठ्यांत मोठा काळ. खरा कमाल कार्यकाल त्याच्याही पलीकडे कोठेंतरी दडून बसलेला असतो, आणि मोजलेल्या आंकड्यावर वीस टक्के चढविले काय किंवा पन्नास चढविले काय, तो आपल्या हातीं आला याची शाश्वति मिळत नाहीं.

मग सर्वच शक्यता तपासून पाहिल्या तर? आज्ञावलींत ठिकठिकाणीं फांटे असतात: अमुक असेल तर या वाटेनें जा, नसेल तर त्या वाटेनें. एकापुढें एक असे वीस फांटे असले, तर वाटा होतात १०,४८,५७६. चाळीस फांटे असले, तर वाटांची संख्या एक लाख कोटींच्या वर जाते. प्रत्येक वाट चालून पाहावयास १० मिलिसेकंद धरले, तरी सर्व वाटा संपावयास सुमारें ३४८ वर्षें लागतील. आणि चाळीस फांटे म्हणजे कांहीं मोठी आज्ञावली नव्हे.

याच्याहि मुळाशीं आणखी एक अडचण आहे. इंग्रज गणिती अ‍ॅलन ट्युरिंग यानें १९३६ सालीं असें सिद्ध केलें कीं, कोणतीहि आज्ञावली दिली असतां ती केव्हांतरी थांबेल किंवा अखंड चालूच राहील, हें ठरविणारी सर्वसामान्य रीति असूं शकत नाहीं. आणि जी थांबेल कीं नाहीं हेंच सांगतां येत नाहीं, ती किती वेळांत थांबेल हें काय सांगणार? म्हणून नियतकालाच्या यंत्रांसाठीं आज्ञावली लिहिणारा आपल्या स्वातंत्र्यावर आपण होऊनच बंधनें घालून घेतो. एकादी कृति पुनःपुन्हा करावयाची असेल, तर ती फार तर किती वेळां करावयाची, याची सीमा तो आधींच बांधून देतो. 'सांपडेपर्यंत शोध' असें तो म्हणत नाहीं. 'फार तर शंभर ठिकाणीं शोध, मग थांब' असें म्हणतो. व्रत घेणाऱ्या मनुष्याप्रमाणें त्याला कांहीं सुखांचा त्याग करावा लागतो. परंतु त्या त्यागामुळेंच त्याच्या शब्दाला वजन येतें.

एवढें झालें, म्हणजे कागदावर हिशेब मांडतां येतो. एका साध्या दृष्टांतानें तो पाहूं. टपालकचेरींत एका कारकुनापुढें १०० पत्रें आलीं आहेत. साध्या पत्रास २० सेकंद लागतात, रजिस्टर पत्रास ५०. कमाल वेळ किती? आपणांस दुसरें कांहीं ठाऊक नसेल, तर सर्वच पत्रें रजिस्टर धरलीं पाहिजेत. म्हणजे ५,००० सेकंद. परंतु एका थैलींत दहाहून अधिक रजिस्टर पत्रें घालावयाचीं नाहींत, असा नियम असेल, तर दहा पत्रांचे ५०० आणि नव्वद पत्रांचे १,८०० मिळून २,३०० सेकंद पुरतात. प्रत्येक पत्राचा क्रम पाहण्याची गरज उरली नाहीं. कोणत्या जातीचीं पत्रें फार तर किती, एवढें कळलें कीं काम झालें. १९९५ सालीं ली आणि मलिक या दोन संशोधकांनीं हीच रीत आज्ञावलींस लावून दाखविली. वाटा एकेक चालून पाहावयाच्या नाहींत. कोणता तुकडा जास्तींत जास्त किती वेळां चालेल, याचीं समीकरणें मांडावयाचीं आणि त्यांतून मोठ्यांत मोठी बेरीज काढावयाची. लाख कोटि वाटांचा डोंगर असा एका बेरजेंत मावतो.

पण श्रोतेहो, येथें मीं एक गोष्ट गृहीत धरली. साध्या पत्रास वीस सेकंद, असें मी सहज बोलून गेलों. संगणकाच्या बाबतींत एकेका आज्ञेस लागणारा वेळ तरी ठराविक असतो काय? जुन्या, साध्या यंत्रांत तो बहुतांशीं तसा असे. आजच्या यंत्रांत तसा राहिलेला नाहीं. आणि याचें कारण, यंत्रें वेगवान् करण्याची आपली हौस.

पुन्हां स्वयंपाकघरांत चलूं. ओट्याच्या वर हाताशीं एक फळी आहे. तिच्यावर चारच डबे मावतात. बाकीचें सामान माळ्यावर आहे. फळीवरचा डबा क्षणांत हातीं येतो. माळ्यावरचा काढावयाचा तर शिडी लावावी लागते. संगणकांतहि अशी एक लहानशी जवळची स्मृति असते. तिला कॅश म्हणतात. ही कल्पना केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनीं १९६५ सालीं एका लेखांत मांडली. आजच्या यंत्रांत जवळच्या स्मृतींतली वस्तु तीन-चार ठोक्यांत मिळते, तर दूरच्या स्मृतींतली मिळावयास शंभर-दोनशें ठोकेहि लागूं शकतात. आतां एकाद्या आज्ञेस किती वेळ लागेल? तें त्या क्षणीं फळीवर काय आहे, यावर अवलंबून. आणि फळीवर काय आहे, तें त्याआधीं काय काय घडलें, यावर अवलंबून. प्रत्येक वस्तु माळ्यावरच आहे असें धरलें, तर हिशेब सुरक्षित राहतो खरा, पण तो इतका फुगतो कीं कोणतेंच यंत्र मान्य करतां येणार नाहीं.

यांतून वाट निघते ती अशी. समजा, फळीचा नियम असा आहे कीं, नवा डबा ठेवतांना, ज्याला सर्वांत अधिक काळ हात लागलेला नाहीं तो डबा उचलून माळ्यावर टाकावयाचा. आपण हळदीचा डबा वापरला आणि त्यानंतर फार तर तीनच निराळे डबे वापरले. तर हळद फळीवर असलीच पाहिजे. सकाळीं फळीवर काय होतें, तें मला ठाऊक नाहीं; ठाऊक असण्याची जरुरीहि नाहीं. म्हणजे सर्व काहीं माहीत नसतांनाहि कांहीं गोष्टी निःसंशय सांगतां येतात. अपुऱ्या ज्ञानांतून अशीं खात्रीचीं विधानें काढण्याचें शास्त्र पॅट्रिक आणि राधिया कुझो या फ्रान्समधील दांपत्यानें १९७७ सालीं मांडलें. जर्मनींतील झारब्रुकेन येथें राइनहार्ड विल्हेल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें संगणकाच्या जवळच्या स्मृतीस लावलें, आणि त्यांतून तयार झालेल्या साधनानें एअरबस कंपनीनें आपल्या ए-३८० या प्रचंड विमानाच्या नियंत्रक आज्ञावलींचा कमाल कार्यकाल तपासला.

मात्र फळीचा नियम 'मुलगा येईल आणि वाटेल तो डबा उचलील' असा असेल, तर हें शास्त्र पांगळें होतें. म्हणून या क्षेत्रांतील जाणते सांगतात कीं, यंत्र किती वेगवान् आहे यापेक्षां त्याच्या वागण्याविषयीं आधीं किती सांगतां येतें, हें अधिक महत्त्वाचें.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. आपणांस वाटतें, मधलें एक काम लौकर झालें तर सगळेंच काम लौकर होईल. तसें नेहमींच होत नाहीं. मुंबईकरांस हें सांगावयास नको. दादरला तीन मिनिटें लौकर पोंचलेला मनुष्य आनंदानें समोरच्या धीम्या लोकलमध्यें चढतो, आणि मागून आलेला दुसरा, जलद लोकल पकडून, त्याच्या आधीं कल्याणला उतरतो. संगणकांतहि असेंच घडूं शकतें, हें स्वीडनमधील लुंडक्विस्ट आणि स्टेनस्ट्रॉम यांनीं १९९९ सालीं दाखविलें. म्हणून प्रत्येक पायरीवर वाईटांत वाईट तें निवडीत गेलें, म्हणजे शेवटचा आंकडा आपोआप सर्वांत वाईट येतो, असेंहि समजून चालत नाहीं.

इतकी उठाठेव कशासाठीं, असा प्रश्न कोणी करील. याचें उत्तर असें कीं, एका आंकड्यावर दुसरे शेंकडो आंकडे उभे असतात. १९७३ सालीं लिउ आणि लेलँड यांनीं एक प्रसिद्ध सिद्धांत मांडला. एकाच संगणकावर ठराविक अंतरानें पुनःपुन्हा येणारीं अनेक कामें असलीं, ज्याची पाळी लौकर लौकर येते त्याला अग्रमान दिला, आणि प्रत्येक कामास आपली पुढची पाळी येईपर्यंत अवधि असला, तर संगणकाचा शेंकडा ६९ पर्यंत वेळ कामांत गुंतला असतांहि एकाहि कामास उशीर होणार नाहीं. सिद्धांत सुंदर आहे. परंतु प्रत्येक कामास लागणारा कमाल वेळ आधीं ठाऊक आहे, हें त्यांत धरलेलेंच आहे. तो आंकडा खोटा निघाला, तर वरची सारी इमारत वाळूवर.

आणि तो कधीं खोटा निघतच नाहीं काय? २० जुलै १९६९ रोजीं अपोलो ११ चें यान चंद्राच्या पृष्ठभागाकडे उतरत असतां त्याच्या संगणकानें १२०२ आणि १२०१ या क्रमांकांचे धोक्याचे इशारे दिले. उतरतांना ज्याची गरज नव्हती अशा एका रडारकडून संगणकास अखंड खुणा येत होत्या, आणि त्या मोजण्यांतच त्याचा शेंकडा १३ ते १५ वेळ खर्चीं पडत होता. हा खर्च कोणाच्याहि हिशेबांत नव्हता. मार्गदर्शनाचें काम दर दोन सेकंदांनीं नव्यानें सुरू व्हावयाचें. पण पहिलें संपण्याआधींच दुसरें दारांत उभें राहूं लागलें. तरीहि यान सुखरूप उतरलें. कारण ती आज्ञावली रचणाऱ्यांनीं आपल्या हिशेबावर आंधळा विश्वास ठेवला नव्हता. वेळ अपुरा पडला तर दुय्यम कामें टाकून द्यावींत आणि मुख्य काम जेथें होतें तेथून पुन्हां उचलावें, अशी सोय त्यांनीं आधींच केलेली होती. हिशेब काळजीपूर्वक करावा, आणि तो चुकला तर काय करावयाचें, याचाहि विचार करून ठेवावा, हा दुहेरी धडा त्या अर्ध्या घटकेनें दिला.

आज एक नवी अडचण उभी आहे. एकाच संगणकांत आतां चार, आठ किंवा अधिक गणनयंत्रें शेजारीं शेजारीं बसविलेलीं असतात. गिरगांवांतल्या जुन्या चाळींत ज्यांनीं दिवस काढले आहेत, त्यांना हा प्रकार सहज समजेल. प्रत्येकाची खोली निराळी, पण नळ एक. माझी बादली भरावयास किती वेळ लागेल, हें माझ्या बादलीवरच अवलंबून नाहीं. शेजारच्या बिऱ्हाडांत आज काय चाललें आहे, यावरहि अवलंबून आहे. या गणनयंत्रांचीहि दूरच्या स्मृतीकडे जाणारी वाट सामाईक असते. म्हणून विमानांत असे संगणक बसवितांना शेजाऱ्यामुळें होणारा हा उशीर मोजून दाखवावा लागतो, किंवा प्रत्येकाची पाळी नेमून द्यावी लागते. चाळींतहि शेवटीं भांडण मिटतें तें पाळ्या लावल्यानेंच.

श्रोतेहो, या सर्व प्रकरणांत एक ओढाताण कायम राहते. अंदाज फार सावध केला, तर दुप्पट किंमतीचें यंत्र घ्यावें लागतें आणि त्याचा अर्धा वेळ रिकामा जातो. व्यवहाराच्या दृष्टीनें तो अपव्यय. अंदाज फार उदार केला, तर एकाद्या रात्रीं कोणाच्या तरी मनगटांत कांच शिरते. या दोहोंमधली जागा कोठें, हें ठरविण्यास गणित साह्य करतें. पण खालीं सही करावयाची ती माणसानेंच.

त्या बाटल्यांच्या यंत्राची आज्ञावली मीं पुढें नव्यानें लिहिली. नोंदवही आवरण्याचें काम मुख्य फेरींतून बाहेर काढलें, प्रत्येक आवर्तनाला सीमा घातली, आणि कागदावर मांडलेला कमाल कार्यकाल निघाला ८.४ मिलिसेकंदांचा. गंमत अशी कीं, ही नवी आज्ञावली रोजच्या व्यवहारांत जुनीपेक्षां किंचित् मंद होती. वरिष्ठांनीं त्याबद्दल नापसंति दाखविली. मी त्यांना एवढेंच म्हणालों कीं, जुनी बहुतेक वेळां लौकर येई. ही कधींच उशिरा येणार नाहीं.

वक्तशीर मनुष्य म्हणून आपण ज्याची वाखाणणी करतों, तो रोज घाईनें धांवत येणारा नसतो. पावसाचा दिवस धरून जो घरून निघतो, तो. यंत्रांकडूनहि आपण याहून निराळी अपेक्षा ठेवूं नये.